खळ्यावरची टिंबं

नकाशा करायला बसलं की एक गंमत होते. नकाशा जागचा हलत नाही आणि किस्से मात्र साठत जातात. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक टिंबाखाली ‘माहिती’ नावाचा एक चौकोन आहे. लोकांनी तिथे ‘विहीर’, ‘देऊळ’, ‘होड्या लावायची जागा’ एवढंच लिहावं, अशी आमची भाबडी अपेक्षा. तिसऱ्याच दिवशी विहिरीच्या टिंबाखाली कुणीतरी लिहिलं, ‘हिच्यात माझी चप्पल आहे.’ त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, ‘माझी पण.’ संध्याकाळपर्यंत त्या विहिरीत सात चपला आणि एक स्टीलचा डबा जमा झाला होता. हे काम लवकर उरकणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

कोळीवाडा कुठला, तर जुहूवरून पुढे निघालं की खाडीच्या तोंडाशी एक आहे तो. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या बायका मला घरात घेतील, पण सुकट द्यायच्या बंद होतील.

मी सावंत. राहायला मुलुंडला. मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, मशीनच्या पार्टची ड्रॉइंगं काढायचो. रिटायर झाल्यावर दुपारी झोप यायला लागली आणि ती संध्याकाळपर्यंत उतरेना, तेव्हा बायकोनेच शोध लावला की मला काहीतरी काम पाहिजे. काम दिलं प्रज्ञाने. प्रज्ञा कांबळे, घाटकोपरची, आमच्या जुन्या कंपनीशेजारच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. शनिवारी सकाळी ती कोळीवाड्यात येते, मी येतो, आणि मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमचं दुकान मांडलं जातं.

काम साधं आहे. गावातल्या कुणीही आपला फोन घेऊन जागेवर उभं राहायचं, टिंब टाकायचं, फोटो जोडायचा. आणि जगात कुठेही बसलेले हौशी लोक उपग्रहाच्या फोटोवरून घरं आणि गल्ल्या आखून देतात. हजार हातांनी मिळून एक नकाशा.

हे कशासाठी, तर गावाची सरकारी हद्द ठरते आहे. कच्चा नकाशा आला तेव्हा त्यात घरं होती, देऊळ होतं, बंदर होतं, फक्त मासे सुकवायचं खळं नव्हतं. खळ्याच्या जागी दोन शब्द छापले होते, ‘मोकळी जागा’. मुंबईत मोकळी जागा किती दिवस मोकळी राहते हे मी काय सांगायचं! गावाने हरकत नोंदवली. मग कधीतरी साहेब येणार, जागेवर पाहणी करणार, आणि तोवर खळं कुणाचं, कुठवर आणि कधीपासून, हे गावाने दाखवायचं. नाही दाखवलं तर खळं गेलं.

खळं गेलं तर काय होईल हे मी हिरामावशीला विचारलं होतं. हिरामावशी सत्तरीच्या पुढची, साठ वर्षं रोज खळ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकायला पसरते आणि रोज गोळा करते. ती म्हणाली, “काय नाय. मी घरान बसेन. दोन महिन्यान मरेन.” आणि मला चहा दिला.

*

सुरुवातीचा किस्सा बर्फवालीचा. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. कुठल्याशा थंड देशातली बाई, तिच्या फोटोत मागे नुसता बर्फ दिसायचा, म्हणून आमच्यासाठी ती बर्फवाली. काम इतकं सुबक करायची की माझ्यासारख्या जुन्या ड्राफ्ट्समनला तिचा हेवा वाटावा.

तर बोंबील सुकवायला बांबू उभे करतात आणि मध्ये दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. भर हंगामात अशा रांगाच्या रांगा असतात आणि वरून पाहिलं तर त्या चकाकतात. बर्फवालीने त्या सगळ्या रांगा नीट आखल्या आणि नाव दिलं, ‘सोलर पॅनल’. खाली लिहिलं होतं की एवढ्या लहान गावाने एवढी मोठी सौर व्यवस्था उभारली, याबद्दल मनापासून अभिनंदन.

प्रज्ञाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही हसत होतो. हिरामावशी कोपऱ्यात जवळा निवडत बसली होती, ती हसली नाही.

“बरोबर लिवलंय तिनं,” ती म्हणाली. “उन्हावच चालतं.”

प्रज्ञाने बर्फवालीला फोटो पाठवून खरा प्रकार कळवला. चार दिवसांनी उत्तर आलं. तिने चूक दुरुस्त केली होती आणि एकच ओळ लिहिली होती, ‘माफ करा, इथे वास येत नाही.’ त्या ओळीचा मला का कोण जाणे लळा लागला. कधी दुपारी मुलुंडच्या गॅलरीत बसलो की मला ती बाई दिसते, खिडकीबाहेर बर्फ, आणि ती आमच्या वलांड्या एकेक करून आखते आहे.

*

पण हौशी लोकांमध्ये सगळेच काही बर्फवाली नसतात.

एका आठवड्यात आमच्या गावात चाळीस घरं वाढली. शनिवारी लॅपटॉप उघडला तर किनाऱ्याला लागून निळ्या छपरांची रांगच रांग. प्रज्ञा डोक्याला हात लावून बसली. “काका, वाट लागली. आपण खळ्यासाठी भांडतोय आणि आपल्याच नकाशात चाळीस बेकायदा घरं.”

झालं होतं असं, की उपग्रहाचा तो फोटो पावसाळ्यातला होता. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात आणि वर निळी ताडपत्री बांधतात. कुणा उत्साही माणसाने प्रत्येक होडीचं घर केलं होतं.

आम्ही एकेक घर पुसायला लागलो. शेजारी भगवान नाखवा उभे होते. नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि हे तर सोसायटीचे अध्यक्षही. मी शेवटच्या चार-पाच घरांवर आलो तसा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ह्या घर राहू दे.”

“अहो नाखवा, ही तुमची होडी आहे.”

“म्हाईत हाय. पावसाल्यान बायको भांडली का मी तिथंच झोपतंय.”

दारातून नाखवीणबाईंचा आवाज आला, “सावंतभाव, मग त्याला भायेरून कडी पन काडा.”

ते घर आम्ही पुसलंच. पण भगवान नाखवांचा चेहरा पाहून प्रज्ञाने ते सगळ्यात शेवटी पुसलं.

*

गावाची हद्द चालून मोजायची ठरली. फोन खिशात ठेवून माणसाने गावाभोवती फिरायचं, फोन आपोआप रेघ काढत जातो. हा मान अर्थातच भगवान नाखवांचा. मंगळवारी सकाळी नवीन सदरा घालून ते निघाले आणि दीड तासाने चिखलाने माखून परत आले. रेघ मात्र झकास आली होती.

प्रज्ञाला तपासून बघायची सवय. नोकरीच ती. शनिवारी दुपारी ती स्वतः त्याच वाटेने फिरून आली. दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या तर जुळेनात. खाडीच्या बाजूला नाखवांचं गाव चांगलं दोनशे पावलं पुढे गेलेलं.

“नाखवा, तुम्ही थोडं पाण्यातून चाललात का?”

“पानी कुठं व्हता? सुकती व्हती,” नाखवा म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी. प्रज्ञा गेली होती ती ऐन भरतीत. नाखवा ज्या चिखलावरून चालले तिथे होड्या टेकतात, जाळी पसरतात, पोरं खेकडे धरतात. ते गावच आहे. फक्त दिवसातून दोनदा ते पाण्याखाली जातं.

प्रज्ञाने हरकतीचा फॉर्म पुढे केला. “काका, इथे गावाच्या क्षेत्रफळाचा एकच आकडा लिहायचाय. कुठली हद्द धरायची?”

नाखवांनी तिच्याकडे अगदी सरळ मनाने पाहिलं आणि विचारलं, “तुना गाव किती वाजताचा पायजे?”

तीस वर्षं मी ड्रॉइंगं काढली, पण कुठल्या नटबोल्टाने मला वेळ विचारली नव्हती. त्या दुपारी आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. पाणी हळूहळू परत जात होतं आणि गाव इंचाइंचाने मोठं होत होतं. झोपलेल्या माणसाची छाती जशी वर-खाली होते, तसं ते चाललं होतं. फॉर्म कोरा राहिला. पुढच्या शनिवारी आम्ही फॉर्मला दोन्ही रेघा जोडल्या आणि प्रत्येकीवर वेळ लिहिली.

*

पुरावा म्हणून जुने फोटो हवे होते. प्रज्ञाने गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘खळ्याचे जुने फोटो असतील तर पाठवा.’ आले दीडशे. सगळे लग्नाचे.

कोळ्याच्या घरात कॅमेरा लग्नालाच यायचा, त्यात त्यांची काय चूक! पण सगळ्या फोटोंत मागे पडदा. लाल पडदा, निळा पडदा, एकात तर मागे बर्फाचे डोंगर रंगवलेले. दीडशे जोडपी आणि खळं एकात दिसेल तर शपथ.

मग नाखवीणबाई स्वतःचा अल्बम घेऊन आल्या. त्यांच्या लग्नात ऐनवेळी वाऱ्याने पडदा उडाला होता. फोटोग्राफर नवशिका. फोटोत भगवान नाखवा आणि नाखवीणबाई दोघंही पार धुरकट, जणू धुक्यातून चालत येताहेत. आणि मागे वलांडीवरचा एकेक बोंबील असा स्वच्छ की मोजून घ्यावा. खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठीमागे देवळाचा कळस, जागेबद्दल शंकाच नाही.

प्रज्ञा खुर्चीवरून उठलीच. आमचा सगळ्यात पक्का पुरावा तो.

नाखवा मात्र जरा नाराज झाले. “म्हंजे नवऱ्यापेक्षा त्याला बोंबील चांगलं दिसलं.”

“मना पन तवा त्येच वाटला व्हता,” नाखवीणबाई म्हणाल्या आणि फोटो परत अल्बममध्ये खोचला.

*

आता एक माझ्यावरचा, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगतो.

टिंबं बरीच जमली होती, पण त्यांचा नकाशा बघताना मला अस्वस्थ व्हायचं. एक गल्ली सरळ नाही. एक भिंत काटकोनात नाही. जुनी खोड. एका शनिवार-रविवारी मी घरी बसून सगळं गाव सरळ केलं. गल्ल्या ताणल्या, वळणं काढली, घरं ओळीत बसवली. सोमवारी प्रिंट काढून कोळीवाड्यात नेला आणि हिरामावशीपुढे ठेवला. खरं तर शाबासकीसाठीच.

मावशीने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “कोनचा गाव ह्यो? बरा हाय.”

“मावशी, तुमचाच.”

तिने परत पाहिलं, बोटाने आपलं घर शोधलं आणि हसायलाच लागली. माझी सरळ गल्ली तिच्या चुलीवरून जात होती.

मला तिथे हसू यायला हवं होतं, आलं नाही. माझे वडील गिरणीत होते. मालवणाकडून आले आणि चाळीतल्या एका खोलीत उभा जन्म काढला. चाळ पाडायची झाली तेव्हा कुणीतरी असाच एक सुंदर सरळ नकाशा आणून भिंतीला चिकटवला होता. आमची खोली त्यात कुठे आहे हे वडील रोज कामावरून येऊन शोधायचे. खोली गेली. आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता, आणि ‘आम्ही इथे होतो’ असं एकमेकांसाठी सांगायला शेजारीही पुढे आले नाहीत, कारण त्यांच्याकडेही नव्हता. ही गोष्ट मी प्रज्ञालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी हिरामावशीला सांगितली.

ती म्हणाली, “मग आता हितं नीट काड.”

मी घरी जाऊन सगळी वळणं परत घातली. दोन रात्री लागतील वाटलं होतं, पण एका सकाळीच झालं. वाकडं काढायला हात इतका तयार असतो हे मला ठाऊक नव्हतं.

*

भगवान नाखवांना टिंबं टाकायचा नादच लागला. एकदा ॲप तक्रार करायला लागलं. ‘या ठिकाणी जमीन नाही’ असा लाल संदेश, एकामागून एक अकरा वेळा.

नाखवा सोसायटीच्या पायरीवर बसून, स्क्रीनवर बोट टेकवत, समुद्रात टिंबं टाकत होते. प्रत्येकाला नाव. आजोबांनी डोल लावायची जागा, म्हणजे ओहोटीच्या ओढीला पाण्यात रोवायचं मोठं जाळं. पापलेट लागायचा तो पट्टा. भावाची होडी उलटली होती ती जागा. किनाऱ्यावरून बघाल तर सगळीकडे सारखंच पाणी. नाखवा मात्र बोट फिरवत एकेक जागा अशी दाखवत होते जशी आपण शेजाऱ्यांची दारं दाखवू.

प्रज्ञाने हळूच समजावलं. “नाखवा, हा जमिनीच्या हक्काचा नकाशा आहे. किनाऱ्यापर्यंतच धरायचं.”

“आमी काय जमिनीव रातो?” नाखवा म्हणाले. “जमिनीव आमी फक्त मासं सुकवायला येताव.”

ती अकरा टिंबं प्रज्ञाने पुसली नाहीत. हरकतीच्या प्रतीत ती नाहीत, पण नकाशावर एक वेगळा थर करून तिने ती ठेवून दिली आहेत. कधीकधी जेवणाच्या सुट्टीत मरोळच्या ऑफिसात बसून ती तो थर उघडते आणि नुसती बघते, असं तिनेच मला एकदा सांगितलं. “शांत वाटतं यार काका,” म्हणाली.

*

राहता राहिलं खळं. खरं काम तेच आणि तेच अडून बसलं होतं.

खळ्यावर कुंपण नाही, भिंत नाही, खुणेचा दगड नाही. तरी प्रत्येक बाईची जवळा पसरायची जागा ठरलेली. सासूकडून सुनेकडे येते, बोलायचीसुद्धा गरज नाही. आता सरकारी कागदाला हे कसं सांगायचं? प्रज्ञाने तोडगा काढला. मे महिन्यातल्या एका दुपारी सगळ्या बायकांनी खळ्यावर यायचं, आपापल्या जागेवर उभं राहून फोनचं बटण दाबायचं. जितकी टिंबं तितक्या जागा.

बायका आल्या, चाळीसेक तरी असतील. सगळ्यांनी बटणं दाबली, कुणी चुकलं नाही. हॉलमध्ये येऊन पाहतो तर खळं रिकामं, आणि एका कोपऱ्यात टिंबांचा एवढा मोठा गोळा.

तिथे बदामाचं झाड आहे. ऊन भयंकर होतं, बायका गप्पा मारत सावलीत उभ्या राहिल्या आणि तिथूनच बटणं दाबली.

प्रज्ञाला रडू येईल असं झालं. “मावशी, प्रत्येकीने आपापल्या जागेवर उभं राहायचं होतं ना. सगळ्या झाडाखाली कशा?”

हिरामावशी म्हणाली, “जागा ज्याची त्याची हाय. सावली सगल्यांची हाय.”

नकाशात तो गोळा तसाच राहिला. पुन्हा बोलवायचं म्हणेपर्यंत होड्या किनाऱ्याला लागल्या, मासेमारी बंद झाली, वलांड्या उतरल्या आणि खळ्यावर गवत आलं.

*

आणि नेमके तेव्हाच साहेब पाहणीला आले.

श्रावण चालू होता. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि खाडीवरून धुकं येत होतं, त्यामुळे खळ्याचं पलीकडचं टोक धड दिसत नव्हतं. हिरवं गवत, मध्ये डबकी, एक कुत्रा. एवढंच. साहेब वयाने लहानच होते, गुडघ्यापर्यंत बूट घातलेले, हातात कागदांची फाईल. माणूस वाईट नव्हता. आमचे सगळे कागद त्यांनी नीट पाहिले. धुरकट नाखवा पाहिले, स्वच्छ बोंबील पाहिले. मग मान वर करून समोर बघितलं.

“फोटो ठीक आहेत,” ते म्हणाले. “पण आज इथे मला मैदान दिसतंय. मी जे दिसतं तेच लिहिणार. कोणाची जागा कुठे, हे तरी दाखवा.”

भगवान नाखवा बोलायला लागले आणि मध्येच बांधाकडे वळले. जागा बायकांच्या. बायका बांधावर उभ्या होत्या. साहेबांनी पुढच्या एका बाईला विचारलं, “तुमची कुठे?” तिने हात वर केला, गवताकडे बघितलं आणि हात खाली घेतला. दुसरीने बोट दाखवलं, मग म्हणाली, नाय, जरा इकडं असेल. तिसरी नुसतीच हसली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. प्रज्ञाने माझा दंड घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले, भिंतीवरच्या नकाशात बोट घालून शोधणारे.

तेवढ्यात हिरामावशी म्हणाली, “अशी नाय समजत जागा. पाट्या आना गं.”

बायका घरात गेल्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन आल्या. जवळा वाहायच्या बांबूच्या पाट्या, पावसाळ्यासाठी माळ्यावर टाकलेल्या. प्रत्येकीने डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटी वर घेतली आणि बांध उतरली. डोक्यावर पाटी आली आणि त्यांची चालच बदलली. कुणी खाली बघेना, कुणी आजूबाजूला बघेना, कुणी कुणाशी बोलेना. धुक्यातून त्या चालत गेल्या. एक डावीकडे वळली. दोघी सरळ गेल्या, मग एक थांबली. पाय आपोआप ओळखत होते. एकेक करून पाट्या खाली उतरल्या आणि बायका आपापल्या जागी बसल्या, जवळा पसरताना बसतात तशा, एक गुडघा वर घेऊन.

दोन मिनिटं झाली असतील. खळं भरलं. रांगा दिसत होत्या, रांगांमधल्या जायच्या वाटा दिसत होत्या, हद्द दिसत होती. प्रज्ञा फोन घेऊन धावत एकेकीपाशी टिंब टाकत होती.

साहेब खळ्यात उतरले. पहिल्या रांगेतून चालत गेले, प्रत्येकीला नाव विचारत, लिहून घेत. मी त्यांच्या मागे होतो. तिसऱ्या रांगेत हिरामावशीच्या शेजारी एक जागा मोकळी होती. अलीकडे हिरामावशी, पलीकडे दुसरी बाई, मध्ये एका पाटीएवढं, एका माणसाएवढं गवत.

साहेब थांबले. “इथे कोण?”

“यमुना,” हिरामावशी म्हणाली.

“कुठे आहेत त्या?”

“गेली. होलीच्या आधी.”

“सून वगैरे?”

“नाय कोन.”

साहेब जरा घुटमळले. “मग ही जागा तुम्ही दोघी का नाही वापरत?”

हिरामावशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे कसं सांगावं, असा विचार करत असावी. “यमुना बसतं तिथं,” ती म्हणाली.

पाऊस भुरभुरायला लागला होता. साहेबांनी फाईल छातीशी धरली. कच्च्या नकाशावर ‘मोकळी जागा’ असे जे दोन शब्द होते, त्यांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली. ती रेघ मी या डोळ्यांनी पाहिली. वर बारीक अक्षरात काय लिहिलं ते मला दिसलं नाही, चष्म्यावर पाणी होतं.

पुढची रांग पलीकडे होती. मधल्या त्या गवतावरून गेलं तर चार पावलं. साहेबांनी पाय उचलला, तसाच थांबवला, आणि हिरामावशीच्या मागून वळसा घालून पलीकडे गेले.